आढ्याखालचा किरण

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. १९१५ साली शाहू महाराजांच्या काळात उभी राहिलेली ती वास्तू. आणि आम्हां बेळगावकरांना कोल्हापूर परके कधीच नव्हते. त्या रंगमंचावर माझ्या वडिलांनी एकदा दुय्यम भूमिका केली होती. तिचे वर्णन मात्र ते अखेरपर्यंत मुख्य भूमिकेसारखे करीत. बातमी वाचताच डोळ्यांपुढे आले ते आमच्या संस्थेचे सभागृह. तेच सागवानी वासे, तसाच लाकडी सज्जा, तसेच जुने पडदे.

माझे आयुष्य विजेच्या कामात गेलेले. साहजिकच कार्यकारिणीने जबाबदारी माझ्याकडे सोपविली. छताला वाटीएवढ्या धूरसूचकांची रांग लावावी, तर आढे जमिनीपासून छत्तीस फूट. त्यांची सफाई कोण करणार? शिवाय सागवानाला भोके पाडू देण्यास ज्येष्ठ विश्वस्त राजी नव्हते. म्हणून बीम डिटेक्टर निवडला. एका टोकाला प्रेषक, समोरच्या भिंतीवर ग्राहक आणि मधून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण. धुराने त्याचे तेज साधारण तिसऱ्या हिश्श्याने घटले आणि काही सेकंद तसेच राहिले, की घंटा वाजते. अशी जोडी शंभर मीटरपर्यंत पहारा देऊ शकते. आमचे दालन अवघे नव्वद फूट. किरण आढ्याला चिकटवून चालत नाही. उन्हाळ्यात कौलांखाली तापलेल्या हवेचा थर साचतो आणि वर चढताना निवलेला धूर त्याच्या खालीच अडतो. म्हणून तो हातभर खाली घेतला.

मौजेची गोष्ट अशी, की किरण एकाएकी पूर्ण तुटला तर यंत्र त्याला आग समजत नाही. बिघाड समजून पिवळा दिवा लावते. धूर दाटत जातो, शिडी किंवा पताका मात्र अचानक आडवी येते. एवढा विवेक आम्हां सभासदांत असता, तर सभा लवकर आटोपल्या असत्या.

पहिली चूक माझीच. वायर जवळ पडते म्हणून प्रेषक सज्ज्याच्या लाकडी खांबावर बसविला. २०२५ च्या पावसाळ्यात लाकूड फुगले, खांब केसभर कलला आणि तो केस नव्वद फुटांवर वीतभर झाला. कधी पिवळा दिवा, तर कधी मध्यरात्री रिकाम्या सभागृहात घंटा. "काका, हे भूत झोपू देत नाही हो," असे रखवालदार म्हणू लागला.

गणेशोत्सवात मी पुण्याला लेकीकडे होतो. परतलो तो पॅनेल बंद. सजावटीची झालर किरणाच्या आड आली, दिवा लागला, आणि कुणीतरी यंत्राचेच तोंड मिटविले. उघड्या जोडांच्या विजेच्या माळा, पडद्यालगत समया, आरतीची गर्दी, आणि अकरा दिवस छताखाली कुणीच जागे नव्हते! रागावण्यासाठी तोंड उघडले, पण शब्द फुटेना. त्या यंत्रावरचा लोकांचा विश्वास आधी मीच उडविला होता.

दिवाळीपूर्वी प्रेषक सज्ज्यामागच्या दगडी भिंतीवर हलविला. आता दर तीन महिन्यांनी एक तरुण सभासद सज्ज्यात शिडी लावून त्याच्यापुढे परीक्षेची काळसर पट्टी धरतो. मी खाली घड्याळ घेऊन उभा राहतो. गेल्या खेपेला घंटा वाजली, तेव्हा वाचनकक्षातील सारी ज्येष्ठ मंडळी हातातल्या वर्तमानपत्रांसह अंगणात येऊन उभी राहिली. पूर्वसूचना द्यायची मी विसरलो होतो.