नळी पाहून गोळी

चिरंजीव मन्या यास,

शेजारच्या शेतकऱ्यानं त्याची जुनी रेमिंग्टन ८७० बंदूक तुला वापरायला देऊ केली आणि दुकानात स्लगच्या डब्यांची रांग बघून तू रिकाम्या हातानं परत आलास, हे आक्कानं फोनवर सांगितलं. परत आलास ते बरं केलंस. ओहायोतला नवखा शिकारी डबीवरचं हरणाचं चित्र, वेगाचा आकडा आणि किंमत बघतो. मुरलेला शिकारी आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री करतो, नळी उतरवतो आणि उजेडाकडं धरून आतून बघतो. निम्मी निवड तिथंच होते.

आपल्याकडं बाराबोर म्हटलं की छऱ्यांचं काडतूस डोळ्यांपुढं येतं. स्लगच्या काडतुसात छऱ्यांऐवजी एकच जाड गोळी असते. बाराबोरच्या नळीचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर आणि साधा स्लग एक औंसाचा, म्हणजे २८ ग्रॅमचा. ओहायोत हरणावर छरे चालवायला कायद्यानं बंदी आहे; अशी बंदूक वापरायची तर स्लगच.

मक्याच्या आणि सोयाबीनच्या सपाट शेतांत, घरं जवळजवळ असताना, रायफलची गोळी फार दूर जाते या भीतीपोटी मिडवेस्टच्या बऱ्याच राज्यांनी वर्षानुवर्षं हरणासाठी बाराबोरसारख्या बंदुकीचाच आग्रह धरला. ओहायोनं २०१४ पासून सरळ भिंतीच्या, म्हणजे पुढं न आवळलेल्या, काडतुसाच्या रायफलींना परवानगी दिली, आयोवानं २०१७ मध्ये तीच वाट धरली. तरी स्लगचं राज्य संपलेलं नाही, कारण घरोघरी अशा बंदुका आहेत.

आता नळीचं. नळी आतून गुळगुळीत असेल तर तिला फॉस्टर किंवा ब्रेनेके जातीचा स्लग लागतो. कार्ल फॉस्टर यांनी १९३१ च्या सुमारास मंदीच्या काळात आपला स्लग तयार केला: पुढून भरीव, मागून पोकळ. वजन पुढं असल्यामुळं तो कोलांट्या न खाता सरळ जातो. त्याच्या अंगावर तिरक्या खाचा असतात आणि इथंच नवखे फसतात. खाचा बघून त्यांना वाटतं, हा आटे पाडलेल्या नळीसाठी आहे. खरं तर तो गुळगुळीत नळीसाठीच असतो. त्या खाचांनी गोळीला फारशी फिरकी मिळत नाही. नळीच्या तोंडाशी चोक, म्हणजे आवळलेला भाग, असेल तिथून शिसं दबून निघावं, हे त्यांचं मुख्य काम. ब्रेनेके त्याहून जुना, जर्मनीतल्या विल्हेल्म ब्रेनेके यांचा, १८९८ चा. तो भरीव असतो आणि त्याच्या बुडाला चिकटलेला बुच्चा गोळीबरोबरच उडत जातो. तो फारसा चपटा न होता खोल शिरतो, म्हणून रानडुकरावरही त्याचा भरवसा धरतात.

नळीत आटे पाडलेले असतील तर सॅबो स्लग. प्लॅस्टिकच्या खोळीतली बारीक गोळी. खोळ आट्यांना धरते, गोळीला फिरकी मिळते आणि नळीबाहेर पडताच खोळ गळून पडते. चांगल्या आटेदार नळीतून दीडशे यार्डांवर हरणाच्या छातीचा नेम धरता येतो. गुळगुळीत नळीतून साधा स्लग पाऊणशे यार्डांपर्यंत खरा; त्यापुढं तो झपाट्यानं खाली येतो. हेच सॅबो गुळगुळीत नळीतून उडवले तर फिरकी न मिळाल्यानं गोळी कोलांट्या खात कुठंही जाते. म्हणजे साध्या डबीच्या दुप्पट-तिप्पट पैसे मोजून नेम बिघडवून घ्यायचा. उलट, आटेदार नळीतून फॉस्टर चालवला तर आट्यांत शिसं साचतं.

८७० ही बंदूक १९५० पासून बनते आहे आणि तिला दोन्ही तऱ्हांच्या नळ्या बसतात, म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नये. नळी गुळगुळीत निघाली, तर चोक सिलिंडर किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर असा मोकळाच हवा. घट्ट चोकमधून स्लग काढायचा नाही. नळीवर कोरलेली चेंबरची लांबीही वाचायची. पावणेतीन इंची चेंबरमध्ये तीन इंची काडतूस कधीही घालू नये. वीसबोरची काडतुसं पिवळी करतात तीही याच काळजीनं: बाराबोरच्या नळीत चुकून सरकलेलं वीसबोरचं काडतूस पुढं अडकतं आणि मागून दुसरं काडतूस उडालं की नळी फुटते.

पुढची निवड मात्र कुठलीही डबी करून देत नाही. एकाच मॉडेलच्या दोन बंदुका एकाच कंपनीचा स्लग वेगवेगळा फेकतात. हे प्रत्येक स्लगवाला जाणतो आणि तरी पुष्कळजण मोसमाच्या आदल्या दिवशी हाती येईल ते उचलतात. याची मला मनापासून चीड येते, कारण चुकीची किंमत जनावर मोजतं. दोन-तीन कंपन्यांच्या डब्या घेऊन, टेकू देऊन, पन्नास यार्डांवर कागदावर तीन-तीन बार टाकायचे. ज्याच्या तीन भोकांचा घोळका सर्वांत लहान, तो आपला. वेगाच्या आकड्याला भुलू नये. खांद्याला दणका बसेल या धास्तीनं चाप झटकला जातो आणि नेम तिथंच सुटतो. वीसबोरला कोणी बायकामुलांची बंदूक म्हणेल, तर ऐकू नकोस. सॅव्हेज २२० ही वीसबोरचीच बंदूक, पण अचूकपणात तिचं नाव घेतात.

स्लग जवळच संपतो, ही समजूत घेऊनही शेतात उतरू नये. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाच्या समितीनं २००७ मध्ये यावर अभ्यास करून घेतला. नळी वर उचलली गेली तर रायफलचा धोका जास्त निघाला; पण नळी जमिनीला समांतर असताना चुकलेला स्लग जमिनीवर आपटून उसळला, तर तो रायफलच्या गोळीहून पुढं जाऊ शकतो. मचाणावरून खाली मारलेला बार मातीत जिरतो, म्हणून नवख्यानं मचाणच धरावं.

घरात लहान मूल आहे, तेव्हा मांसात उतरणाऱ्या शिशाचाही विचार हवा. मिनेसोटाच्या निसर्गसंपदा खात्यानं २००८ मध्ये मेंढ्यांच्या धडांवर चाचण्या केल्या. चटकन फुलणाऱ्या रायफलच्या गोळ्यांपेक्षा स्लगचे तुकडे मांसात कमी पसरले, पण पसरले. आटेदार नळीसाठी तांब्याचे स्लग मिळतात. शिशाचा वापरलास, तर जखमेभोवतीचं मांस सढळ हातानं कापून टाक.

हरणाच्या शिकारीचं आक्काला वाईट वाटतं, ते मी समजू शकतो. आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानं हरणं राखली आणि ते योग्यच झालं. तिला सांग, ओहायोतून हे पांढऱ्या शेपटीचं हरीण १९०४ पर्यंत नाहीसं झालं होतं. आज ते लाखांत आहे. बंदूक-काडतुसांवरच्या संघीय कराचा पैसा १९३७ च्या कायद्यानुसार वन्यजीवांसाठी राज्यांना मिळतो.

शेवटचं आणि सर्वांत निकडीचं. तू एच-१बी वर आहेस. तसल्या व्हिसावरच्या माणसानं बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा अमेरिकेत संघीय गुन्हा आहे. त्यातून सुटका देणाऱ्या मोजक्या अपवादांत राज्याचा वैध शिकार परवाना येतो. आधी शिकारीचं शिक्षण पुरं कर, परवाना काढ, शेतकऱ्याकडून लेखी परवानगी घे. तोवर दुकानात पुन्हा गेलास तरी एक डबीही विकत घेऊ नकोस.

तुझा,
मामा