कोणी उठायचं, कोणी निजायचं

वाचनालयातला जुना संगणक सुरू व्हायला चार मिनिटं घेई. मंडळाला तो भंगारात घालायचा होता. मराठी ग्रंथांची यादी मात्र त्यातच. पूर्वी युनिक्समध्ये सेवांच्या दुव्यांची नावं 'एस' किंवा 'के'नं सुरू होत. एस म्हणजे ऊठ, के म्हणजे नीज, पुढचा आकडा म्हणजे पंगतीतला क्रम. सोपं होतं बिचारं! २०१० साली सिस्टमडी आलं. त्यात 'ब्लेम' नावाची चहाडखोर आज्ञा आहे. तिनं सांगितलं, तारच नसलेल्या खोलीत एक सेवा नेटवर्कची वाट पाहत दोन मिनिटं अडून बसते. तिला 'डिसेबल' केलं. छपाईची सेवा तेवढ्यानं ऐकेना. तिचं सॉकेट तिला हाक मारून उठवी. दोघांनाही 'मास्क' करावं लागलं. आता दीड मिनिटात यादी उघडते. भंगारवाल्याला मंडळानं अजून 'नको' म्हटलेलं नाही, पण बोलावलेलंही नाही.