पिवळ्या-तांबड्या रंगाचं शहर

मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यात समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरच्या आसपास ओयामेल नावाच्या सूचिपर्णी झाडांची जंगलं आहेत. नोव्हेंबर लागला की तिथे मोनार्क फुलपाखरं उतरतात. कॅनडातून, अमेरिकेच्या उत्तरेकडून, काही तर चार हजार किलोमीटर उडत आलेली. येणाऱ्यांपैकी एकानेही हे जंगल आधी पाहिलेलं नसतं. मार्चमध्ये इथून निघालेली पिढी वाटेतच अंडी घालून संपते. पुढच्या दोन-तीन पिढ्या उत्तरेला सरकत राहतात, आणि मग शरदात जन्मलेली पिढी आपल्या पणजोबांच्या झाडांवर येऊन बसते. नेमके तेच दिवस मृतांच्या सणाचे. घरोघरी झेंडूची आरास असते, आणि आपली गेलेली माणसंच परत आली, असं तिथले लोक या फुलपाखरांकडे पाहून म्हणतात.

१९९९ साली याच राज्यातल्या मोरेलिया शहराच्या फुटबॉल संघानं या फुलपाखरांचं नाव घेतलं, मोनार्कास मोरेलिया. मी या शहरात कधी गेलो नाही. गुलाबी दगडाचं कॅथेड्रल आणि अडीचशेहून जास्त कमानींचा जुना जलसेतू मला फक्त छायाचित्रांतून ठाऊक आहे. तरी या संघावर माझा जीव आहे. जगात बार्सिलोना आहे, रेआल माद्रिद आहे, त्यांच्यावर प्रेम करायला कोट्यवधी माणसं आहेत. मला ओढ वाटते ती अशा क्लबांची, ज्यांच्यावर फक्त एका शहराचा जीव असतो.

या शहराचं जुनं नाव वायादोलिद. इथे १७६५ साली होसे मारिया मोरेलोस जन्मला, पुढे पाद्री झाला, मग स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाचा सेनानी झाला, आणि १८१५ मध्ये गोळ्यांना सामोरा गेला. १८२८ मध्ये शहरानं त्याचं नाव धारण केलं. मेक्सिकोत एका आख्ख्या राज्यालाही त्याचंच नाव आहे. ते मोरेलोस राज्य या गोष्टीत पुढे येणार आहे.

या क्लबची सुरुवात १९५० ची. त्या वर्षी मेक्सिकोत फुटबॉलची दुसरी श्रेणी सुरू झाली. पहिल्या मोसमात सातच संघ होते: मोरेलिया, साकातेपेक, इरापुआतो, पाचुका, केरेतारो, तोलुका आणि सामोरा. यातलं साकातेपेकही लक्षात ठेवावं. मोरेलियाच्या खेळाडूंना तेव्हा लोक प्रेमानं ‘आतेस’ म्हणत. आते म्हणजे पेरू किंवा क्विन्स फळाचा गर साखरेत आटवून थापलेली वडी, मोरेलियाची खासियत. गोव्यात नाताळाला पेराड खाल्लेल्या माणसाला ती लगेच ओळखू येईल, कारण ही कला आयबेरियातून एकीकडे स्पॅनिशांच्या जहाजात मेक्सिकोला गेली आणि दुसरीकडे पोर्तुगीजांच्या जहाजात मांडवीकाठी आली. संघाला मिठाईचं नाव देणारं शहर मला फार आवडतं. सिंह, वाघ, गरुड सगळेच घेतात.

१९५७ मध्ये मोरेलिया वर चढलं, १९६८ मध्ये खाली आलं, आणि मग तेरा वर्षं खालीच राहिलं. पुस्तकात हे एका ओळीत संपतं. पण मी त्या ओळीपाशी नेहमी थांबतो. १९६८ मध्ये बापाचं बोट धरून मैदानावर गेलेलं सात वर्षांचं पोर १९८१ मध्ये वीस वर्षांचं झालेलं असणार. त्याच्या सगळ्या बालपणात आणि तारुण्याच्या उंबरठ्यापर्यंत त्याचा संघ दुसऱ्या श्रेणीतच होता. देशातले मोठे संघ त्याच्या गावी लीगचा सामना खेळायला आले नाहीत. तरी ती माणसं रविवारी जात राहिली, आणि १९८१ मध्ये संघ वर गेला तेव्हा त्याच्यासोबत गेली ती हीच माणसं. १९८९ मध्ये किन्सेओच्या डोंगराशेजारी मोरेलोस स्टेडियम उभं राहिलं. १९९६ मध्ये क्लब एका मोठ्या दूरचित्रवाणी कंपनीच्या हाती गेला. २००० च्या हिवाळी मोसमात अंतिम फेरीत तोलुकाविरुद्ध दोन सामन्यांची बेरीज बरोबरीत सुटली आणि पेनल्टींवर मोरेलिया पहिल्यांदा देशाचं विजेतं झालं. पहिल्या श्रेणीतलं विजेतेपद तेवढं एकच.

मला मात्र विजेतेपदाहून २०१७ चा मे महिना मोठा वाटतो. मेक्सिकोत खाली कोण जाणार हे एका मोसमाच्या गुणांवर ठरत नसे. तीन वर्षांच्या गुणांची सरासरी काढत. म्हणजे तीन वर्षांची दुखणी एका दुपारी येऊन उभी राहत. शेवटच्या दिवशी मोरेलियाला माँतेर्रेच्या मैदानावर जिंकायलाच हवं होतं. सामना संपायला काही मिनिटं उरली असताना राउल रुइदियास या पेरूच्या बुटक्या आघाडीवीरानं गोल केला. २-१. मोरेलिया वाचलं आणि चियापासचा जग्वारेस संघ खाली गेला. त्या गोलची चित्रफीत मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. कर्जात बुडालेला जग्वारेस पुढे उभाच राहिला नाही, हे कळल्यावरही पाहिली आहे. तेव्हा घशात काहीतरी अडकतं. पण ते चेंडूनं ठरवलं होतं. चियापासच्या माणसाला निदान एवढं तरी म्हणता येत होतं की, आम्ही हरलो.

तीन वर्षांनी मोरेलियाच्या लोकांना तेही म्हणता आलं नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोच्या लीगनं चढणं-उतरणं काही वर्षांसाठी बंदच केलं. महासाथीत मोसम रद्द झाला, मैदानं ओस पडली, आणि जूनच्या सुरुवातीला जाहीर झालं की मोनार्कासची जागा पॅसिफिक किनाऱ्यावरच्या मासात्लान शहराला गेली आहे. तिथे नवं कोरं स्टेडियम संघाची वाट पाहत होतं. मोरेलियाचे लोक टाळेबंदीतही मोटारींचा ताफा घेऊन, पिवळे-तांबडे झेंडे खिडकीबाहेर काढून रस्त्यावर उतरले. उपयोग झाला नाही. सलग एकोणचाळीस वर्षं पहिल्या श्रेणीत राहिलेला संघ कुठल्याही सामन्याच्या निकालाशिवाय तिथून गेला. मासात्लाननं जांभळा रंग घेतला, नवं नाव घेतलं. मासात्लानच्या लोकांवर माझा राग नाही. आपल्या गावात मोठं फुटबॉल यावं असं त्यांना वाटलं, तर त्यात गैर काय? पण संघ हा कपाटातला कागद आहे, तो एका शहरातून उचलून दुसऱ्या शहरात ठेवता येतो, असं मानणाऱ्या व्यवस्थेवर माझा राग आहे, आणि तो शमत नाही.

त्याच उन्हाळ्यात मोरेलियाला पुन्हा संघ मिळाला. नाव अॅटलेटिको मोरेलिया, रंग जुनेच, मैदान जुनंच, श्रेणी दुसरी. लोकांचा आनंद मी समजू शकतो. पण ही जागा आली कुठून? साकातेपेकहून.

साकातेपेक हे मोरेलोस राज्यातलं उसाचं गाव. १९३८ मध्ये राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांनी तिथे कामगार आणि शेतकऱ्यांच्या सहकारातून साखर कारखाना सुरू केला, त्याला नाव दिलं एमिलियानो सापाताचं. सापाता याच मुलखातला, ऊस-जमीनदारांनी बळकावलेल्या गावजमिनींसाठी लढून मारला गेलेला. कार्देनास स्वतः मिचोआकानचे. कारखान्याच्या आधारानं फुटबॉल संघ वाढला, त्याला सगळे ‘कान्येरोस’ म्हणू लागले, म्हणजे उसवाले. इग्नासिओ त्रेयेस यांच्या मार्गदर्शनाखाली हा उसवाल्यांचा संघ १९५५ आणि १९५८ मध्ये देशाचा विजेता झाला. दुसऱ्यांदा जिंकला तो मोसम मोरेलियाचा पहिल्या श्रेणीतला पहिलाच मोसम. गावाचं मैदान अगुस्तीन ‘कोरुको’ दियास या खेळाडूच्या नावाचं. भर दुपारच्या उन्हात तिथे खेळायला पाहुणे संघ धास्तावत. ‘उसाचं रान’ असं त्या मैदानाचं नाव पडलं होतं. साखर कारखान्याच्या गावात कारखान्याची शिटी, पगाराचा दिवस आणि संघाचा सामना हे एकाच घड्याळावर चालतात, हे आपल्याकडच्या कारखान्याच्या गावात वाढलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

त्या गावची जागा २०२० मध्ये मोरेलियाला गेली. ती जागाही साकातेपेककडे तीनच वर्षांपूर्वी टेपिक शहराच्या कोरास संघाकडून आली होती. म्हणजे मासात्लानला मिळालं ते मोरेलियाचं, मोरेलियाला मिळालं ते साकातेपेकचं आणि साकातेपेकला मिळालं होतं ते टेपिकचं. १९५० मध्ये सातांच्या लीगमध्ये एकमेकांविरुद्ध खेळलेल्या दोन गावांपैकी एकाचा दिवा दुसऱ्याच्या तेलावर पेटला. मोरेलियाचा सामना लागला की मी अजून आनंदानं बसतो, आणि पिवळा सदरा पाहिल्यावर ‘उसाचं रान’ही मला आठवतं. मोरेलियाच्या चाहत्यांवर याचा दोष येत नाही. त्यांनी फक्त आपलं मैदान सोडलं नाही. पण २०२० च्या जूनमध्ये जे दुःख त्यांनी भोगलं, तेच कारखान्याच्या गावातल्या माणसाला भोगावं लागलं. ते मागायला तो गेला नव्हता आणि त्याच्यासाठी मोटारींचा ताफा निघाल्याचं जगानं ऐकलंही नाही.

फुटबॉलमध्ये खाली जाण्याची भीती हवी आणि वर जाण्याची वाट हवी. ही दोन्ही असली तरच दुसऱ्या श्रेणीतल्या गरीब गावाला रविवारची सकाळ मोलाची वाटते. भीती काढून टाकली की मोठे संघ निर्धास्त होतात. वाट बंद केली की छोट्यांना वर जायला एकच मार्ग उरतो, दुसऱ्याची जागा विकत घेण्याचा. १९५७ मध्ये आणि १९८१ मध्ये मोरेलिया स्वतःच्या पायांवर वर चढलं होतं. २०२२ च्या उन्हाळी मोसमात, सोनोराच्या सिमारोनेस संघाला अंतिम फेरीत हरवून, मोरेलियानं पुन्हा दुसरी श्रेणी जिंकली. मोरेलोस स्टेडियम पिवळं-तांबडं झालं, करंडक उचलला गेला, लोक रडले. त्या वर्षी मेक्सिकोत वर कुणालाच नेलं गेलं नाही. नव्या मोसमात विजेत्या मोरेलियानं पहिला सामना दुसऱ्या श्रेणीतच खेळला.