विजयदुर्गाच्या खाडीतली आग

रत्नागिरीहून राजापूरमार्गे विजयदुर्गाला निघालो तेव्हा पिशवीत भाकरीच्या जोडीला एक चित्रही होते. मूळ तैलचित्र विलायतेत ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. माझ्याकडे होती त्याची छापील प्रत. डॉमिनिक सेर्स नावाच्या चित्रकाराने ते १७७१ साली रंगवले. चित्रातला घेरिया किल्ला म्हणजेच आपला विजयदुर्ग. शेजारच्या गिर्ये गावावरून इंग्रजांनी त्याला ते नाव दिले. १९८१ पर्यंत हा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच होता; आता तो सिंधुदुर्गात येतो.

जे जिथे घडले तिथे उभे राहून चित्र पाहावे, एवढीच हौस होती. तटावर बसलो, खाली वाघोटण खाडीचे मुख, आणि कागद मांडीवर उलगडला.

पहिली नजर जाते ती आगीवर. आंग्र्यांचे आरमार जळत आहे. दिवस १२ फेब्रुवारी १७५६. अ‍ॅडमिरल वॉटसनची जहाजे किल्ल्यावर तोफा डागीत होती. त्यातला एक पेटता गोळा खाडीतल्या 'रेस्टोरेशन' या जहाजावर पडला. हे जहाज मूळचे इंग्रजांचेच; आंग्र्यांनी ते पूर्वी जिंकून आणले होते. किल्ल्याच्या आसऱ्याला गुराबा आणि गलबते एकमेकींना खेटून नांगरलेली. लाकूड, दोरखंड, शिडे, वर दारूगोळा. खळ्यातल्या गवताच्या एका गंजीला आग लागली की शेजारची वाचत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. कान्होजींच्या काळापासून दोन पिढ्यांनी उभे केलेले आरमार एका संध्याकाळी राख झाले.

आता आग सोडून बाकीचे चित्र पाहा. डौलदार, ठळक दिसतात ती इंग्रजांची जहाजे. सेर्स त्या दिवशी इथे नव्हता. पंधरा वर्षांनी त्याने हे चित्र काढले, आणि काढले ते जिंकणाऱ्याच्या बाजूने. त्यांच्या लेखी आंग्रे म्हणजे चाचे. तेव्हा ही आग म्हणजे त्यांच्या घरची दिवाळीच! जळणारी माणसे कोण होती, हा त्या चित्राचा प्रश्नच नाही.

पण नुसता चित्रकाराला दोष देऊन आपली सुटका नाही. समुद्राकडून पाहिलेल्या या चित्राचा जो विषय नाही, तो माझ्या पाठीमागे जमिनीवर होता. तिकडून नानासाहेब पेशव्यांची फौज आली होती, आणि ती इंग्रजांच्या मदतीला! तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हता, त्यांचा राग अगदीच बिनबुडाचा नव्हता. तरी भावकीच्या भांडणात बांधावर परक्याला बोलवावे, तसे हे झाले. तुळाजी स्वतः त्या वेळी किल्ल्यात नव्हताच. बोलणी करायला तो पेशव्यांच्या छावणीत गेला आणि तिथेच अडकला. पुढे कैदेतच मेला.

रात्री क्लाईव्हने सैनिक किनाऱ्यावर उतरवले, ते मराठ्यांच्या फौजेला किल्ल्यापासून दूर ठेवण्यासाठी. १३ तारखेला किल्ला पडला. आतली सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. वाटा कसा करायचा हे मुंबईहून निघण्याआधीच ठरले होते. पेशव्यांना त्यातले काही मिळाले नाही. किल्ला परत मिळाला तो ऑक्टोबरात, बाणकोट इंग्रजांना देऊन. पुढे धुळपांनी इथेच पेशव्यांचे आरमार पुन्हा उभे केले, परंतु वॉटसन आणि क्लाईव्ह दुसऱ्याच वर्षी बंगालमध्ये होते, आणि प्लासीचे काय झाले ते शाळेतली पोरेही सांगतील.

दुपार कलल्यावर गिर्ये गावची आंग्र्यांची गोदी पाहायला गेलो. खडक फोडून केलेली, साडेतीनशे फुटांच्या आसपास लांब. भरतीला पाणी आत घ्यायचे, जहाज आणायचे आणि ओहोटीला कोरड्यात दुरुस्त करायचे, अशी सोय. मला तर किल्ल्याच्या तटापेक्षा हिचे कौतुक वाटले.

परत बंदरावर आलो तर जाळे दुरुस्त करीत बसलेल्या एका म्हाताऱ्या तांडेलाने विचारले, "काय ता? बघूया." कागद हातात दिला. त्याने तो बराच वेळ डोळ्यांजवळ धरला, जहाजांच्या डोलकाठ्या बोटाने मोजल्या, आणि म्हणाला, "ह्यातली आमची तारवां खंयची?"

मी आगीवर बोट ठेवले.