स्की-बोटीच्या इंजिनाचा हिवाळा
अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, लेक पेपिनवर, 1922 मध्ये वॉटर स्कीइंगचा आरंभ झाला. मात्र तिथली तळी हिवाळ्यात गोठत असल्याने स्की-बोटीच्या इंजिनाची निगा थंडीपूर्वीच घ्यावी लागते. तळ्याचेच पाणी खेचून थंड राहणाऱ्या इंजिनात ते उरले, तर गोठताना सुमारे 9 टक्के फुगून बिडाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर सामावणारा मुख्य भाग, तडकवू शकते. म्हणून निचऱ्याचे प्लग काढतात. पण तरीही धार लागली नाही, तर पाणी संपले असे न मानता, गाळाने बुजलेले भोक तार घालून मोकळे करावे, कारण बेफिकिरी नेमकी इथेच महागात पडते. वापरलेल्या तेलात आम्ले साचत असल्याने ते साठवणीपूर्वीच बदलणे इष्ट. तडकलेल्या ब्लॉकपुढे हा सारा खर्च किरकोळच ठरतो.