झाडावरचे बिऱ्हाड

बेंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात प्राणिशास्त्र शिकविणारे प्राध्यापक सी. आर. नारायण राव यांचे नाव आम्हां कारकुनांस ठाऊक असण्याचे कारण नाही. बेडकांना मात्र ते कायमचे चिकटले आहे. १९३७ साली त्यांनी सह्याद्रीतील बेडकांच्या कित्येक नव्या जातींची वर्णने प्रसिद्ध केली. त्यांनी जपलेले नमुने पुढे कॉलेजातून नाहीसे झाले. पण २०१० साली झुडपी बेडकांच्या एका मोठ्या गटास ‘राओर्केस्टिस’ असे नाव देऊन संशोधकांनी त्यांची स्मृती जागविली. तो लेख आला ‘करंट सायन्स’मध्ये, आणि १९३२ साली निघालेल्या त्या नियतकालिकाचे पहिले संपादक रावच होते! दप्तरातून गहाळ झालेले काही इतक्या सन्मानाने परत आलेले आम्ही तरी पाहिलेले नाही.

आम्ही सरकारी वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. गाव आमचे आंबोली घाटाच्या पायथ्याशी. तेव्हा जमिनीवरचा जीव उंचावर राहावयास गेला की त्याचे कसे निभते, याविषयी आम्हांस स्वाभाविक जिव्हाळा आहे.

बेडूक झाडावर राहतो तो बोटांच्या जोरावर, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खोटी नव्हे. बोटांच्या टोकांशी पसरट, ओलसर गाद्या असतात. त्यांनी तो गुळगुळीत पानासही धरून राहतो. आंबोलीच्या रानातील मलबारी उडत्या बेडकाच्या बोटांमध्ये तर तांबूस पडदे असतात. ते ताणून तो एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत उतरतो. पण चढणे निराळे आणि संसार मांडणे निराळे. बेडकाचे पोर बहुधा माशासारखे जन्मते. त्याला पाणी हवे, आणि पाणी तर खाली!

हा पेच ज्याने त्याने आपापल्या परीने सोडविला आहे. उडत्या बेडकाची मादी पाण्यावर झुकलेल्या पानांत फेसाचे घरटे करते. काही दिवसांनी पोरे त्यातून थेट खालच्या पाण्यात टपकतात. ओढ्याकाठच्या बेडकांनाही चिंता आहेच. उत्तर कन्नड जिल्ह्यात २०१४ साली नोंदलेला ‘कुंबार’ बेडूक (कन्नडातला कुंबार आणि आपला कुंभार एकच) मागच्या पायांवर उभा राहून, पाण्यावर चिकटविलेल्या अंड्यांना हातांनी चिखलाचा गिलावा करतो. हे काम नराचे. दक्षिणेकडे रावांच्या गटातलाच एक बेडूक अरुंद फटीतून बांबूच्या पेरात शिरतो. तेथेच अंडी, आणि तेथेच बापाचा पहारा. एका खोलीत संसार केलेल्या वाचकांस अधिक सांगणे नको.

रावांच्या नावाच्या या बेडकांनी ओढ्यातळ्यांशी असलेले नातेच तोडले आहे. त्यांत बेडूकमासा म्हणून बाहेर पडणे नाही. वाढीची सारी शिदोरी आई अंड्यातच बांधून देते, आणि त्यातून निघतो तो इवलासा, पण पुरता बेडूक. हवेतला दमटपणा मात्र हवाच. तो सरला की अंडी सुकतात. या मोकळिकीचा उपयोगही कसा व्हावा! गटातील एक जात सह्याद्रीच्या सर्वोच्च शिखरावर, २६९५ मीटर उंचीच्या आनमुडीवर राहते, ती झाडावर नव्हे, तर जमिनीवर, गवताच्या बुंध्यांत. पायही तिचे आखूड. सर्वांत वरची नेमणूक मिळूनही सतरंजीवर बसणारे एक अधिकारी आम्हांस ठाऊक आहेत, त्यांची आठवण झाली.

आमची कन्या सहा वर्षांची, जन्म येथलाच. खेळते कन्नडात, अभ्यास इंग्रजीत. महाराष्ट्रात बदली मागण्याचा अर्ज आम्ही आणून ठेवला आहे. “मराठी शाळा मिळायची तर आत्ताच,” असे सौ.चे म्हणणे, आणि ते खोडून काढण्याजोगे आमच्यापाशी काही नाही. घरात आम्ही दोघे मराठीच बोलतो. पण आम्ही कचेरीतून येतो सात वाजता, आणि ती झोपते नऊ वाजता.

यंदा श्रावणात गावी गेलो असता परसातल्या अळवाच्या पानावर बोटभर बेडूक बसला होता. “बाबा, कप्पे!” कन्या ओरडली. “कसले कप्पे?” आमच्या मातोश्रींनी विचारले. क्षणभर तिने आमच्याकडे पाहिले, मग आजीकडे वळून, आम्ही कधीही न शिकविलेल्या हेलात म्हणाली, “आजी गो, बेडूक. झाडार रवता.”

अर्जाची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. तो अद्याप खणात आहे.