मामांची जीप किती पिते?

कोणतीही गाडी दारात उभी दिसली की आपल्याकडे पहिला प्रश्न तिच्या ॲव्हरेजचा असतो. ब्रेक लागतात की नाही हे मागाहून. उज्जैनला माझ्या मामांकडे 1968 सालची पेट्रोलवर चालणारी जीप आहे. फ्रीगंजच्या चौकात कोणी "एवरेज कितना देती है?" असे विचारलेच, तर मामा गंभीरपणे उत्तर देतात, "देती नहीं, लेती है."

मामींना मात्र यात विनोद दिसत नाही. गेल्या वर्षी परीक्षा आटोपून मी आषाढात तिकडे गेलो, तेव्हा जीप विकण्याची भाषा घरात उघडपणे सुरू झाली होती. जीप आजोबांनी घेतलेली, त्यामुळे मामा या विषयावर बोलतच नसत. शेवटी मामीच म्हणाल्या, "तू कॉमर्सचा ना? मग कर हिशेब. ठेवायची की काढायची ते आकड्यांनी ठरू दे."

हिशेबाआधी ही जीप इतके पेट्रोल का पिते ते पाहिले. जीपचा मूळ साचा 1941 सालचा, अमेरिकेच्या सैन्यासाठी केलेला. तिने चिखलातून, खड्ड्यांतून माणसे न्यावीत एवढीच अपेक्षा. लढाईवर ॲव्हरेज कोण विचारतो? स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत माझगावला तिची जुळवणी सुरू केली आणि ती आपल्या शेतांवर, वनखात्यात, तहसीलदारांच्या दारात आली. पुढे 1973 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांतच पिंपामागे सुमारे 3 डॉलरवरून 12 डॉलरच्या घरात गेला. पुढील काळात कितीतरी मालकांनी पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसविले. आजोबांनी बसविले नाही.

जीपचा आकार पेटीसारखा, त्यामुळे वारा ती समोरून छातीवर घेते. गिअर तीनच, आणि तेही वेगापेक्षा ताकदीच्या हिशेबाने बसविलेले. मागच्या दोन चाकांवर चालतानाही पुढची चाके आपल्याबरोबर पुढचा आस आणि त्याचा दांडा उगाच फिरवीत राहतात. लहान दांडा ओढून 'लो'मध्ये टाकली, की पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाला तीसाहून अधिक फेरे मारावे लागतात. शिवाय आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश. म्हणजे लिटर तेवढाच, दम कमी.

मामांचा मीटर कधीच बंद पडलेला. मी टाकी काठोकाठ भरून अंतर मोबाइलवर मोजले, शेतावर मापाचा कॅन वापरला. गर्दीच्या शहरात लिटरला 6 किलोमीटर, मोकळ्या सडकेवर 10, आणि शेताच्या चिखलात, चारही चाकांवर, अवघे 4. मामांची एक चांगली सवय अशी की, कुठे गेलो याची नोंद ते डायरीत करतात. त्यावरून वर्षाचा हिशेब असा निघाला: शहरात 900 किलोमीटर, सडकेवर 500, चिखलात 80. पेट्रोल अनुक्रमे 150, 50 आणि 20 लिटर, एकूण 220. लिटरला 106 रुपये धरले तर सुमारे 23,300 रुपये.

मामी म्हणाल्या, "बघ, मी म्हणत नव्हते?"

पण हिशेबाला दुसरी बाजू असते. चारही चाकांवर चालणारी नवी गाडी दहा लाखांच्या पुढे. दहा लाखांवर 9 टक्क्यांनी वर्षाचे व्याजच 90,000 रुपये. नवी गाडी पाण्यावर चालली तरी हे भरून निघणार नाही. बरे, साधी मोटार घ्यावी, तर शेतापर्यंतचे शेवटचे दोन किलोमीटर माळव्याच्या काळ्या मातीचे. कानडीत आपण जिला 'एरे मण्णु' म्हणतो तीच ही जात. पावसात ती चाकाला अशी धरते की मोटारसायकलसुद्धा ढकलत न्यावी लागते. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात मध्यरात्री शेतावरच्या गड्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या, तेव्हा मामांनी तिला याच जीपमधून सडकेपर्यंत आणले. दोन किलोमीटर, अर्धा लिटर, 53 रुपये. मुलगी आता बडबड करते. ही नोंद नफ्यात धरावी की भांडवलात, हे आमच्या अकौंटन्सीच्या पुस्तकात नाही.

मामी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ती एक रात्र. बाकीच्या दिवसांचे काय?"

प्रश्न खरा होता आणि उत्तर आकड्यांतच होते. 220 पैकी 150 लिटर चिखलात गेलेच नव्हते. भाजी आणणे, लग्नाला जाणे आणि पाहुण्यांना महाकालाचे दर्शन घडविणे यांत ते गेले होते. 2022 साली महाकाल लोक झाल्यापासून मंदिराकडच्या रस्त्यांवर गर्दी वाढली आहे, आणि तिथे जीप जागच्या जागी धूर सोडीत उभी राहते. हेच 900 किलोमीटर स्कूटरवर केले, तर लिटरला 45 धरून 20 लिटर पुरतात. वर्षाला सुमारे 13,800 रुपये वाचतात. एक लिटर पेट्रोल जळले की सव्वादोन किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तीही बचत वेगळीच. शेताचा खर्च उरतो 70 लिटरचा, साडेसात हजारांच्या आत.

म्हणून मी लिहून दिले: जीप विकू नये, पण ती शहरात ठेवू नये. शेतावर छपराखाली ठेवावी. मामांना विक्रीपेक्षा हेच अधिक लागले असावे. आजोबांच्या वेळेपासून ती दारात उभी असे. दारातली जीप हीच त्या घराची खूण होती. कागद त्यांनी दोनदा वाचला, घडी करून डायरीत ठेवला आणि मला म्हणाले, "चल, छपराची जागा दाखव."

आता 2028 चा सिंहस्थ जवळ येत आहे आणि उज्जैनभोवती रस्त्यांची कामे निघत आहेत. शेताची वाट पक्की झाली, तर हिशेब नव्याने मांडावा लागेल. मामींनी तसे मला बजावून ठेवले आहे.